कितीपैकी?

आपल्या वस्तीतल्या मुलांना गणित येत नाही असे म्हणणाऱ्याने एकदा संध्याकाळी टेनिस बॉलच्या मॅचला जाऊन उभे राहावे. चौदा चेंडूंत तेवीस धावा हव्यात, दोन विकेट हातात आहेत, डावखुऱ्या पोराची एकच ओव्हर उरली आहे आणि समोरचा कॅप्टन ती आत्ता काढणार की शेवटाला ठेवणार, हा सगळा हिशेब पाचवी-सातवीतली मुले तोंडी करतात. एखादी धाव चोरली गेली की भांडण होते, आणि भांडणात दोन्ही बाजू पहिल्या ओव्हरपासून धावा मोजून दाखवतात. हीच मुले दुसऱ्या दिवशी वर्गात ‘सरासरी काढा’ म्हटले की मान खाली घालतात.

आम्ही सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वस्त्यांमध्ये रविवारचे वर्ग घेणारे कार्यकर्ते. ‘आपल्या पोरांना गणित झेपत नाही’ हे वाक्य आम्हाला पालकांकडून, शिक्षकांकडून आणि आपल्याच कार्यकर्त्यांकडूनही ऐकावे लागते. आमचे म्हणणे असे की गणित झेपते, पण पुस्तकातल्या गणिताशी या मुलांचे काही देणेघेणे नसते. व्यापाऱ्याला शेकडा नफा किती झाला? ज्याच्या घरात कोणी व्यापार केला नाही त्याला काय त्याचे! हौद दोन नळांनी किती तासांत भरेल? ज्यांच्या पणज्याला हौदाजवळ उभे राहू दिले नाही, त्यांच्याच पोरांना हे उदाहरण घातले जाते, हेही एक गंमतच. म्हणून सांख्यिकी मैदानावरून शिकवावी, आणि हे काम ‘उपक्रम’ म्हणून बाजूला न ठेवता चळवळीच्या मुख्य कामात धरावे, एवढे सांगण्यासाठी हा लेख.

मुख्य कामात कशाला? कारण आपली चळवळ ज्या माणसाच्या नावाने चालते तो माणूस आकड्यांचा माणूस होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. त्या शाळेत पाणी प्यायचे तर शिपाई हजर असावा लागे. त्याच मुलाने १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला, आणि त्याचा कणा काय आहे? हिशेब. जातीला स्वतःच्या आतच लग्ने लावायची असतील तर स्त्री-पुरुषांची संख्या समसमान राहायला हवी. नवरा मेला की एक स्त्री ‘जास्तीची’ होते, बायको मेली की एक पुरुष ‘जास्तीचा’. या जास्तीच्या माणसांचे काय करायचे, या प्रश्नातून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह कसे आले ते बाबासाहेबांनी मांडले. १९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिले. तिथेही मुद्दा हाच, की शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्या जमिनीवर भांडवल आणि श्रम किती लागतात त्या प्रमाणावरून ठरते. एकटा आकडा त्यांनी कधी पुढे केला नाही. आपण मात्र भाषणात टक्के फेकतो, आणि कोणी ‘कितीपैकी?’ विचारले की घोषणा देतो.

आता प्रत्यक्ष वर्गात काय करायचे ते सांगतो.

सांगलीजवळच्या माधवनगरमध्ये लहानाची मोठी झालेली स्मृती मानधना आमच्या मुलींना पाठ आहे. २०२५ च्या महिला विश्वचषकात तिने नऊ डाव खेळले: ८, २३, २३, ८०, ८८, १०९, नाबाद ३४, २४ आणि अंतिम सामन्यात ४५. हे नऊ आकडे फळ्यावर लिहायचे. बेरीज ४३४. आता सरासरी काढा. निम्मी मुले नऊने भागतात, उत्तर येते ४८.२२. वर्तमानपत्रात मात्र छापले होते ५४.२५. मग वाद सुरू होतो. पेपर चुकला का? नाही. क्रिकेटमध्ये भागाकार डावांनी होत नाही, बाद झालेल्या वेळांनी होतो, आणि ती आठ वेळाच बाद झाली. धावा त्याच, फलंदाज तीच, फक्त रेषेखालचा आकडा बदलला आणि उत्तर सहा धावांनी वाढले.

मग तेच आकडे चढत्या क्रमाने मांडायचे: ८, २३, २३, २४, ३४, ४५, ८०, ८८, १०९. मधला आकडा ३४. पुस्तकात त्याला मध्यक म्हणतात. सर्वांत जास्त वेळा आलेला २३, तो बहुलक. म्हणजे एका खेळाडूच्या एका स्पर्धेबद्दल ५४, ४८, ३४ आणि २३ असे चार आकडे सांगता येतात, आणि चारही खरे! तिचे कौतुक करणारा ५४ सांगेल. तिला संघाबाहेर काढायला निघालेला म्हणेल, निम्म्या वेळा तर चौतिसाच्या आतच असते की. ‘मग खरा कुठला, दादा?’ असे मुले विचारतात. त्यावर आमचे ठरलेले उत्तर असते: आकडा कोण सांगतोय आणि कशासाठी सांगतोय, ते आधी बघ.

हे झाले दुसऱ्याच्या खेळाचे. खरी मजा स्वतःच्या खेळात असते. कबड्डीच्या वेळी जो बाद होऊन बाहेर बसतो त्याने वही धरायची. प्रत्येक चढाईला ताळ्याची खूण करायची: चार उभ्या, पाचवी आडवी. गुण आला तर एका रकान्यात, रिकामी गेली तर दुसऱ्यात, पकड झाली तर तिसऱ्यात. महिनाभर वही चालली की मुले स्वतःहून तक्ते मागतात. समजा एकाने वीस चढाया केल्या आणि आठ यशस्वी झाल्या, दुसऱ्याने पाचच केल्या आणि तीन झाल्या. चाळीस टक्के आणि साठ टक्के. मग साठवाला भारी? इथे वर्ग दोन तट पडून भांडतो, आणि या भांडणात मास्तरने पडू नये. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतेच, ‘त्याची अजून एक जरी फुकट गेली असती तर साठाचे चाळीस झाले असते.’ पाचातला एक म्हणजे वीस टक्के. लहान छेदावर मोठी टक्केवारी उभी करता येते, हे मुलाला उमजले की ‘आमच्या गावातल्या शंभर टक्के केसेस खोट्या’ असे सांगणाऱ्या पुढाऱ्याला ते पोरगेच विचारेल: गावात केसेस होत्या किती? दोन?

सांगलीची आणखी एक गोष्ट आम्ही मोठ्या मुलांना आवर्जून सांगतो. विजय हजारे हे ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत जन्मलेले मराठी ख्रिस्ती. त्या काळी मुंबईत धर्मावर क्रिकेटची स्पर्धा भरे: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे संघ, आणि १९३७ पासून पाचवा संघ, ज्याचे नावच होते ‘रेस्ट’, म्हणजे बाकीचे, उरलेले. कुठल्या खान्यात न बसणाऱ्यांचा खाना. हजारे या ‘उरलेल्यां’कडून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंनी ५८१ केल्या. ‘रेस्ट’चा पहिला डाव १३३ वर आटोपला, त्यात हजारे ५९. फॉलोऑननंतर दुसरा डाव ३८७, त्यात एकट्या हजाऱ्यांचे ३०९. भाऊ विवेक हजारे यांच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी झाली आणि तिच्यात विवेक यांच्या धावा २१.

याची शेकडेवारी काढायला लावायची. दुसऱ्या डावात ३८७ पैकी ३०९, म्हणजे जवळजवळ ८० टक्के. दोन्ही डाव मिळून ५२० पैकी ३६८, म्हणजे ७१ टक्क्यांच्या आसपास. आणि तरी ‘रेस्ट’ एक डाव आणि ६१ धावांनी हरले. वृत्तालेख काढला तर मुलांना एका नजरेत दिसते की एका माणसाने संघ खांद्यावर घेतला होता. पण आम्हाला विवेक हजाऱ्यांच्या २१ धावा जास्त शिकवायच्या वाटतात. तीनशेत एकवीस म्हणजे सात टक्के. टक्क्यांत बघितले तर किरकोळ. पण तो माणूस दुसऱ्या टोकाला टिकला नसता तर तीनशे झालेच नसते. आपल्या समाजात असे सात टक्केवाले फार आहेत. मोर्चात सतरंज्या उचलणारे आणि आंदोलनाच्या दिवशी घर सांभाळणाऱ्या आया यांची नोंद कुठल्या रकान्यात करायची, हा प्रश्न आकडेवारीने सुटत नाही, आणि सुटत नाही हेही मुलांना कळले पाहिजे.

आकड्याची ताकद किती आणि कुठे संपते, यासाठी बाळू पालवणकरांइतके चांगले उदाहरण नाही. चांभार समाजातले हे डावखुरे फिरकी गोलंदाज १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि ११४ बळी घेऊन आले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. गोलंदाजीची सरासरी जितकी कमी तितकी चांगली, हे मुलांना आधी समजावून सांगावे लागते. फलंदाजीची सवय असल्याने ती गोंधळतात. आकडे असे बोलत होते. पण पुण्याच्या मैदानावर त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात मिळत होता, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत मिळाले नाही. ते त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल याला १९२३ साली मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले आणि ते हरले. म्हणून आपल्यातले काहीजण त्यांचे नाव घ्यायला नाखूष असतात. आम्हाला ते पटत नाही. राजकारण वेगळे ठेवा, ११४ बळी ११४ च राहतात.

बाळूंच्या शेजारी आम्ही फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे नाव लिहितो. तिथल्या मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा प्रवीण जाधव २०२१ साली टोकियो ऑलिंपिकला तिरंदाज म्हणून गेला. पहिल्या फेरीत ७२ बाणांत ७२० पैकी त्याला ६५६ गुण मिळाले, नावाजलेल्या अतनू दासला ६५३. मिश्र जोडीत दीपिका कुमारीबरोबर कोण खेळणार यावर चर्चा बरीच झाली, पण जागा प्रवीणला मिळाली. ७२० तले तीन गुण म्हणजे अर्धा टक्काही नाही. तेवढ्यावर जागा मिळाली, कारण त्या दिवशी तो आकडा कुणाला डावलता आला नाही. बाळूंकडे आकडे होते, पण त्या आकड्यांना बांधील असा नियम नव्हता. कर्णधार निवडणारे आपल्या मर्जीचे मालक होते. ‘मेरिट, मेरिट’ म्हणून आपल्याला हिणवणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. आणि आपणही बघावेत, कारण आकडा गोळा केला की न्याय मिळाला असे नसते. त्याच्या मागे कायदा लागतो. कायदा मागताना मात्र हातात आकडा लागतो.

आता ज्यासाठी हे सगळे चालले आहे त्या गोष्टीकडे येतो. नववी-दहावीच्या मुलांसाठी हा धडा आहे, आणि तो आपल्या कराडचा आहे.

२० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुभाष महाजन प्रकरणात निकाल दिला आणि अॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट केली. प्राथमिक चौकशीची आणि अटकेआधी मंजुरीची अट आली. मूळ तक्रार कराडच्या एका शासकीय महाविद्यालयातली, गोपनीय अहवालातल्या शेऱ्यांवरून झालेली. २ एप्रिलला भारत बंद झाला, त्यात देशात अनेकांचे जीव गेले. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले. हा इतिहास आपल्या पोरांना माहीत आहे. पण त्या निकालपत्रात आकडेही होते, आणि ते आपल्यातल्या फार थोड्यांनी वाचले.

पहिला आकडा: २०१६ मध्ये अनुसूचित जातींच्या तपास झालेल्या प्रकरणांत ५,३४७ खोटी आढळली. मोठा वाटतो ना? आमच्या वर्गातली मुले आता लगेच ओरडतात, ‘कितीपैकी?’ त्या एका वर्षात देशात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ४०,८०१ गुन्हे नोंदले गेले होते. तेवढेच धरले तरी १३ टक्के होतात. शिवाय पोलिसांच्या हातात आधीच्या वर्षांची राहिलेली प्रकरणेही असतात, म्हणजे छेद आणखी मोठा आणि टक्केवारी आणखी लहान. शिवाय ‘खोटे’ हा शेरा पोलिसांचा, कोर्टाचा नव्हे. पण ते जरा बाजूला ठेवू.

दुसरा आकडा: २०१५ मध्ये न्यायालयांनी निकाली काढलेल्या १५,६३८ प्रकरणांपैकी ११,०२४ मध्ये आरोपी सुटले, ४९५ मागे घेतली गेली आणि ४,११९ मध्ये शिक्षा झाली. टीव्हीवरच्या चर्चांत याचा अर्थ ‘सत्तर टक्के केसेस खोट्या’ असा लावला गेला. इथे मानधनाची सरासरी आठवायची. निकाली प्रकरणांनी भागले आहे, दाखल प्रकरणांनी नव्हे. कोर्टात वर्षानुवर्षे पडून असलेली प्रकरणे म्हणजे नाबाद डाव. ती रेषेखाली आलेलीच नाहीत. ४,११९ भागिले १५,६३८ म्हणजे २६ टक्के. एकूण दाखल प्रकरणे खाली घेतली तर शिक्षेचे प्रमाण आणखी घसरेल, आणि ती घसरण खोटेपणाची नसून उशिराची असेल. सुटका म्हणजे खोटी केस, हे तर मैदानावरचे पोरही मान्य करणार नाही. धावबाद झालेल्या प्रत्येक फलंदाजाला खेळता येत नव्हते का? समोरच्याने हाक देऊन पाठ फिरवली असेल. आपल्या खटल्यांत समोरच्याने पाठ फिरवणे म्हणजे काय, हे फितूर साक्षीदार पाहिलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

आमच्या या वर्गांवर आक्षेपही येतात. एक शिक्षक म्हणाले, मुलांना खेळू द्या, तिथेही गणित कशाला घुसवता? बरोबर आहे. म्हणून खेळ चालू असताना आम्ही एक प्रश्न विचारत नाही. वही बाहेर बसलेल्याकडे असते आणि हिशेब रविवारी होतो. पालक म्हणतात, त्यापेक्षा शिष्यवृत्तीची, एनएमएमएसची तयारी करून घ्या. तीही करतो, पण त्या परीक्षांत शेकडेवारी आणि तक्त्यांवरचे प्रश्न येतात तेव्हा वही भरलेली मुले दचकत नाहीत, हे बघायला यावे. तिसरा आक्षेप आपल्यातल्या विचारवंतांचा: आकडे हे सत्तेचे हत्यार आहे, आपण अनुभव मांडावा. अनुभव मांडायलाच हवा. पण मंत्रालयात अनुभव सांगितला की अधिकारी विचारतो, ‘डेटा आहे का?’ गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या प्रत्येक खटल्यात ‘इम्पिरिकल डेटा’ हा शब्द ऐकून आपले कान किटले आहेत. हत्यार सत्तेचे आहे म्हणून ते चालवायला शिकायचेच नाही, हा कुठला न्याय?

आणि हा प्रश्न सातारकरांसाठी नवा नाही. खटाव तालुक्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि साताऱ्यात जन्मलेले वि. म. दांडेकर, दोघेही मोठे आकडेतज्ज्ञ. देशात उपाशी किती यावरच या दोघांचा वाद झाला. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची रेषा उष्मांकांवरून आखली. सुखात्म्यांचे म्हणणे असे, की माणसाची गरज रोज आणि माणसागणिक बदलते, सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येकजण कुपोषित धरता येणार नाही. रेषा खाली सरकवली की कोट्यवधी माणसे एका रात्रीत ‘उपाशी’ या रकान्यातून बाहेर पडतात, आणि त्यांच्या ताटात मात्र एक घासही वाढलेला नसतो. त्या रकान्यात आपलीच माणसे सर्वांत जास्त होती. वादात उतरलेल्यांत आपले किती होते? सरासरीचा हा खेळ मुलांना समजावायला आम्ही पावसाचे उदाहरण घेतो: महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. जिल्ह्याची सरासरी जो पाऊस सांगते तो ना महाबळेश्वरात पडतो ना माणमध्ये.

वहीत आम्ही एक जादा रकाना ठेवला आहे, ‘आलेच नाहीत’ नावाचा. मैदानावर बावीस जण खेळले. पण वस्तीत त्या वयाची मुले-मुली किती? सातवीनंतरच्या मुली कुठे गेल्या? हंगामात गावाबाहेर उतरलेल्या ऊसतोड टोळीची मुले बांधावर बसून बघत होती, त्यांना घेतले का? पहिल्यांदा हा रकाना भरायला लावला तेव्हा मुलगे हसले. दोन-तीन रविवारांनी एका मुलीनेच मोजून आणले आणि वाचून दाखवले, तेव्हा कोणी हसले नाही. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. तिच्याइतक्या वेगाने पळू शकणाऱ्या किती मुली त्याच दुष्काळी माळावर हंडा घेऊन चालत राहिल्या, हा आकडा कुठल्याच पुस्तकात नाही. जो मैदानापर्यंत पोचलाच नाही तो छेदात धरायचा की नाही? आरक्षणाचा सगळा वाद या एका प्रश्नात मावतो, आणि तेरा वर्षांच्या मुलीला तो कबड्डीच्या वहीवरून कळतो.

खर्च म्हणाल तर दोनशे पानी वही, पट्टी, दोन पेन्सिली. भीमजयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला तर दोन्ही जिल्ह्यांतल्या कितीतरी वस्त्यांना वह्या पुरतील. शिकवणारा गणिताचा पदवीधरच हवा असेही नाही. बारावी झालेली, स्कोअर लिहिता येणारी ताई पुरते. सहावी-सातवीच्या मुलांना टक्के आणि सरासरीपर्यंतच न्या, मध्यक मागाहून. वह्या घरी जाऊ देऊ नका, हरवतात. विहाराच्या कपाटात ठेवा.

स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच जनगणनेत सगळ्या जातींची मोजणी होणार आहे; १९३१ नंतरची ही पहिली, आणि तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मोजणारा दारात येईल तेव्हा काय लिहायचे यावर आपल्याकडे बैठका सुरू होतील, व्हायलाच हव्यात. पण तक्ते बाहेर यायला लागल्यावर ते वाचणार कोण, कशाने भागले आहे ते तपासणार कोण, यावर एकही बैठक आम्ही ऐकलेली नाही. आज सातवीत असलेली मुले तोवर नववी-दहावीत गेलेली असतील, आणि त्या दोन्ही इयत्तांच्या पुस्तकांत सांख्यिकीचे प्रकरण आहेच.